जोड लावायची तर आधी तारीख ठरवा
वाचकांचे प्रश्न : हेविवेट बॉक्सिंग

वेगवेगळ्या काळांतले हेविवेट (सर्वांत जड वजनगटातले) विजेते समोरासमोर आले असते तर काय झालं असतं, यावर प्रश्न पाठवा असं आवाहन केलं होतं. बऱ्याच पत्रांत एकच ओळ होती, ‘अली की टायसन?’, म्हणजे मुहम्मद अली की माइक टायसन. म्हणून सुरुवात तिथूनच.

लालबाग : आमच्या चाळीच्या गच्चीवर अली आणि टायसन यांच्यावरून रोज वाद होतो आणि निकाल कधीच लागत नाही. कोण जिंकेल ते सरळ सांगा.

सांगतो. पण जोड लावताना वस्ताद पैलवानाचं नुसतं नाव ऐकून गप्प बसत नाही. सध्या वजन किती, दम किती, मागची कुस्ती कधी झाली, हेही विचारतो. इथेही आधी ‘कुठला अली?’ हे ठरवायला हवं. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा अली वेगळा. १९७४ मध्ये किन्शासात दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे झेलणारा वेगळा. आणि १९८० मध्ये लॅरी होम्ससमोर दहा फेऱ्यांनंतर ज्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाने लढत थांबवली तो तर फक्त नावाने अली. टायसनचंही तेच. २७ जून १९८८ रोजी मायकल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा आणि १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसकडून हरलेला, या दोघांत दीड-पावणेदोन वर्षांचंच अंतर आहे, पण जोड लावताना ते दोन वेगळे बॉक्सर धरावे लागतात.

दोघांची सर्वोत्तम रात्र घेऊ. १९६६ चा अली २४ वर्षांचा, ६ फूट ३ इंच, सुमारे ९६ किलो. १९८८ चा टायसन २२ ला तीन दिवस कमी, ५ फूट १० इंच, ९९ किलो. वजनाचा प्रश्नच नाही. प्रश्न हातांच्या पोहोचेचा : अलीची ७८ इंच, टायसनची ७१. हे सात इंच टायसनला प्रत्येक वेळी चालून पार करावे लागणार.

ते तो कसे पार करतो, हे नीट पाहण्यासारखं आहे. दोन्ही मुठी गालांना चिकटलेल्या, डोकं सतत डावी-उजवीकडे हलतं आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) चुकवतानाच पाऊल आत पडतं. समोरचा जॅब मारून हात मागे घेईपर्यंत टायसन छातीशी पोचलेला असतो. मग उजवा हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) बरगडीत आणि त्याच हाताचा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) हनुवटीखाली. बहुतेकांना पहिल्या ठोशाने हात खाली आणावे लागले आणि दुसऱ्याने ते पडले.

अलीचा धोका कुठे, याचाही पुरावा आहे. १९६२ मध्ये सनी बँक्स, १९६३ मध्ये हेन्री कूपर, १९७१ मध्ये जो फ्रेझर : तिघांनी त्याला खाली पाडलं आणि तिघांनीही डाव्या हुकनेच. कारण एकच. अली ठोसा चुकवताना डोकं सरळ मागे घ्यायचा आणि उजवा हात गालाशी ठेवायचा नाही. वळून येणारा हुक त्या रिकाम्या जागेतून आत येतो. टायसनचा डावा हुक या तिघांपेक्षा जलद होता. त्यामुळे पहिल्या चार फेऱ्यांत अली एकदा खाली जाईल, असं आम्ही धरून चालतो.

पण हे तिघेही अलीला संपवू शकले नाहीत. बँक्स चौथ्या फेरीत हरला, कूपर पाचव्या फेरीत भुवईच्या जखमेने बाद झाला आणि फ्रेझर जिंकला तो गुणांवर. आता टायसनची दुसरी बाजू पाहा. १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथने बारा फेऱ्या मिठी मारून काढल्या, टोनी टकर बारा फेऱ्या टिकला, त्याआधी १९८६ मध्ये जेम्स टिलिस हालचालीच्या जोरावर दहा फेऱ्या उभा राहिला. मिठी बसली की टायसन सुटायची धडपड न करता पंच सोडवेपर्यंत थांबायचा. अली तर मानेमागे हात टाकून समोरच्याचं डोकं खाली दाबण्यात पटाईत. त्याबद्दल गुण कापणारा पंच असेल तर लढत टायसनकडे झुकते, नुसती ताकीद देणारा असेल तर अलीकडे. रिंगचा आकारही विसरू नका. १८ फुटी रिंग ३२४ चौरस फुटांची, २० फुटी ४०० ची. जवळजवळ पाव जागा जास्त, आणि ती सगळी पळणाऱ्याच्या उपयोगाची.

आमचा कौल : २० फुटी रिंग आणि १५ फेऱ्या असतील तर अली, दहापैकी सात वेळा, तोही दहाव्या फेरीनंतर लढत थांबून. उरलेल्या तीन वेळा टायसन, आणि त्या तिन्ही वेळा पाचव्या फेरीच्या आत.

गिरगाव : केन नॉर्टनने अलीला हरवलं. फोरमनने नॉर्टनला दोन फेऱ्यांत उडवलं. म्हणजे फोरमन अलीपेक्षा सरस, हे गणितानेच सिद्ध होत नाही का?

होत नाही, आणि ते का होत नाही हे फोरमननेच दाखवून दिलं. तारखा लावून पाहा. मार्च १९७१, फ्रेझर अलीला हरवतो. जानेवारी १९७३, किंग्स्टनमध्ये फोरमन फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडतो. मार्च १९७३, नॉर्टन अलीचा जबडा मोडून जिंकतो. मार्च १९७४, काराकासला फोरमन नॉर्टनला दुसऱ्या फेरीत संपवतो. तुमच्या गणिताने ३० ऑक्टोबर १९७४ ला अलीचं काही खरं नव्हतं. अलीने फोरमनला आठव्या फेरीत झोपवलं.

फ्रेझर आणि नॉर्टन दोघेही पुढे चालून येणारे. फोरमनला असा माणूस हवाच असायचा, कारण तो लांब हातांनी ढकलून समोरच्याला आपल्या ठोशाच्या अंतरावर उभा करायचा आणि खालून अपरकट काढायचा. अली पुढे आलाच नाही. फ्रेझर आणि नॉर्टन यांना अली सोपा गेला तो त्यांच्याच गुणांमुळे : फ्रेझरचा हुक, आणि नॉर्टनचा आडवा गार्ड (अंगासमोर आडवे धरलेले हात), ज्याने अलीचा जॅब वाटेतच अडायचा. ‘अ’ने ‘ब’ला आणि ‘ब’ने ‘क’ला हरवलं म्हणून ‘अ’ ‘क’ला हरवेल, हे धावण्याच्या शर्यतीत चालेल. तिथे प्रत्येकजण घड्याळाशी लढतो. मुष्टियुद्धात समोरचा बदलला की आपलं बळ कमजोरी होऊ शकतं.

डोंबिवली : रॉकी मार्सियानो ४९ लढतींत एकदाही हरला नाही. मग आजच्या सव्वाशे किलोच्या राक्षसांनाही तो भारी पडेल, असं म्हणायला काय हरकत आहे?

या पत्रात दोन प्रश्न एकत्र आले आहेत. कारकीर्द कुणाची मोठी, हा एक. अमक्या रात्री कोण जिंकेल, हा दुसरा. पहिल्यात मार्सियानोचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही : ४९ विजय, त्यांतले ४३ नॉकआउट, आणि एप्रिल १९५६ मध्ये अपराजित निवृत्ती. दुसऱ्यात हा आकडा फारसा कामाचा नाही.

मार्सियानो ५ फूट साडेदहा इंच, हातांची पोहोच ६८ इंचांच्या आसपास, लढतीचं वजन ८४-८५ किलो. आजच्या नियमाने तो हेविवेटमध्ये बसतच नाही. क्रूझरवेट गटाची मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९०.७ किलो. मार्सियानो आणि विसाच्या दशकातला विजेता जॅक डेम्प्सी दोघेही आज त्याच गटात लढले असते. ब्रिटिश बॉक्सर टायसन फ्यूरी (माइक टायसन वेगळा) मे २०२४ मध्ये सुमारे ११९ किलोचा होता, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १२७. मार्सियानोशी फरक ३५ ते ४२ किलोंचा.

लहानाने मोठ्याला हरवलेलं नाही असं नाही. १९१९ मध्ये टोलिडोला ८५ किलोच्या डेम्प्सीने १११ किलोच्या विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. २००९ मध्ये डेव्हिड हे (Haye) हा बॉक्सर सात फुटी, १४३ किलोच्या व्हालुएव्हवर गुणांनी जिंकला. २०२४ मध्ये युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने फ्यूरीला दोनदा हरवलं. पण डेव्हिड हे आणि उसिक कसे जिंकले? पायांनी. आत जाऊन दोन ठोसे आणि तिसऱ्याच्या आत बाहेर. मार्सियानोची पद्धत नेमकी उलटी. तो आत शिरून आतच राहायचा. तिथे मोठा माणूस ठोसा मारण्याआधी वजन टाकतो. तो मिठी मारून वरून मानेवर रेलला, की प्रत्येक वेळी शे-सव्वाशे किलोंचा भार पायांवर येतो. बारा फेऱ्यांत असं चाळीस वेळा झालं की पाय जातात आणि पाय गेले की ठोशातलं बळ जातं. युक्रेनच्या उंच व्लादिमिर क्लिच्कोने वर्षानुवर्षं हेच शस्त्र वापरलं. २०१३ ची पोव्हेटकिनविरुद्धची लढत त्याचा धडधडीत नमुना आहे, बघायला कितीही कंटाळवाणी असली तरी.

आणखी एक बाब, जी मार्सियानोच्या चाहत्यांनी टाळू नये. २३ सप्टेंबर १९५२ रोजी जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध तो पहिल्या फेरीत खाली पडला होता आणि बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर मागे होता. तेराव्या फेरीत एका उजव्याने त्याने वॉलकॉटला झोपवलं आणि विजेतेपद मिळवलं. आजच्या लढती बारा फेऱ्यांच्या. म्हणजे आजच्या नियमाने ती रात्र वॉलकॉटची होती आणि ४९-० हा आकडाच उरला नसता. जो लुई आणि बिली कॉन यांची जून १९४१ ची लढतही तशीच : बारा फेऱ्यांनंतर कॉन पुढे, तेराव्यात लुईचा नॉकआउट. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला मॅन्सिनीशी लढल्यानंतर कोरियाचा बॉक्सर डुक कू किम दगावला, त्यानंतर १५ च्या १२ फेऱ्या होत गेल्या. ते योग्यच झालं. पण जुन्या-नव्यांची जोड लावताना आधी फेऱ्या किती ते लिहून काढा.

मार्सियानो विरुद्ध फ्यूरी : फ्यूरी, आठव्या-नवव्या फेरीत लढत थांबून. मार्सियानो आज जन्मला असता तर आजच्या आहाराने त्याचं वजन वाढलं असतं, असं काही जण म्हणतात. म्हणा, पण मग फ्यूरीलाही १९५२ मध्ये जन्माला घाला. एकाला काळयंत्रात बसवून आणि दुसऱ्याला नवा जन्म देऊन जोड लागत नाही.

दादर : संगणकाने अली आणि मार्सियानो यांचा निकाल लावला होता असं वडील सांगायचे. ते खरं का?

खरं आहे, पण त्याला निकाल म्हणता येणार नाही. १९६७ मध्ये मरे वोरोनर या मायामीच्या रेडिओ निर्मात्याने सोळा विजेत्यांची माहिती एनसीआर कंपनीच्या संगणकात भरून रेडिओवर बाद फेरीची स्पर्धा रंगवली. त्यात अली जुना विजेता जिम जेफ्रीज याच्याकडून हरला आणि मार्सियानोने अंतिम लढतीत डेम्प्सीला हरवलं. अलीने बदनामीचा दावा लावला. तडजोड होऊन १९६९ मध्ये अली आणि मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर सत्तरेक फेऱ्यांचा लुटुपुटीचा सामना केला. मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप घातला. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विमान अपघातात तो गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकलेला दिसला, तर युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली.

दोन खंडांत दोन निकाल निघाले यातच सगळं आलं. संगणकाला वेग, ठोसा, जखमेचा धोका यांचे गुण माणसांनीच मत विचारून दिले होते. १९६७ साली त्या मतांत पिढ्यांचा कल होता, आणि संगणकाने तोच कल आकड्यांत परत केला.

परळ : आमच्या मंडळात आठ विजेत्यांची अशी काल्पनिक स्पर्धा घ्यायची आहे. कशी घ्यावी? मागच्या वर्षी प्रयत्न केला तर अर्ध्या तासात भांडणं.

भांडणं होतात ती बहुतेक वेळा नियम लढतीनंतर ठरवल्यामुळे. आधी एक पान छापून प्रत्येकाच्या हातात द्या. त्यावर फेऱ्या किती, रिंग किती फुटी, ग्लोव्हज किती औंसांचे, खाली पडल्यावर दुसऱ्याने तटस्थ (दोघांपैकी कुणाचाही नसलेल्या) कोपऱ्यात जायचं का, आणि एका फेरीत तीनदा पडल्यास लढत थांबवायची का, हे असू द्या. आम्ही सुचवू : १५ फेऱ्या, २० फूट, १० औंस, तटस्थ कोपरा सक्तीचा, तीनदा पडल्यास लढत संपली. त्याखाली प्रत्येक बॉक्सरची एकच तारीख, त्या दिवशीचं वजन, उंची आणि पोहोच. ‘अली’ असं नुसतं लिहिलेलं चालवून घेऊ नका.

आता फिती. बॉक्सरमागे दोन लढती दाखवा : एक त्याच्या भरातली, एक त्याची सगळ्यात वाईट रात्र. नुसत्या नॉकआउटच्या जोडलेल्या तुकड्यांवर निर्णय घेतला की टायसन आणि फोरमन यांच्यापुढे कुणीच उभं राहत नाही, कारण त्या तुकड्यांत न लागलेले ठोसे नसतातच. लढतीची पहिली, मधली आणि शेवटची फेरी पूर्ण पाहा. एका जणाने फक्त एका बॉक्सरचे जॅब मोजायचे, लागलेले आणि मारलेले वेगळे. एकाच माणसाने दोघांचे मोजू नयेत, डोळा नेहमी आवडत्याकडे जातो.

मूकपटाच्या काळातल्या फितींत एक खोड असते. त्या साधारण सेकंदाला १६ ते १८ चौकटींनी घेतल्या जायच्या. २४ च्या वेगाने चालवल्या की माणसं दीडपट वेगाने, झटके देत हलतात आणि जॅक जॉन्सनसारखा कसलेला बचावपटूही हास्यास्पद दिसतो. तपासायची युक्ती सोपी : एका घंटेपासून दुसऱ्या घंटेपर्यंत घड्याळ लावा. तीन मिनिटांची फेरी दोन मिनिटांत संपली तर फीत दीडपट धावते आहे. मोबाइलवर वेग ०.७५ करा, बरंच जुळतं. मात्र मधून तुकडे कापलेले नाहीत ना, हे आधी पाहून घ्या.

पंच तीन नेमा, वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवा. बाजू मांडणाऱ्यांना प्रत्येकी दहा मिनिटं. पंचांनी नुसतं नाव लिहायचं नाही, फेरीगणिक गुण लिहायचे : जिंकलेल्याला १०, हरलेल्याला ९, खाली पडला तर ८. हे लिहायला लागलं की ‘माझा माणूस मोठा’ म्हणणारेही थबकतात, कारण चौथ्या फेरीत तो काय करणार हे त्यांना सांगावं लागतं. चिठ्ठ्या एकदमच उघडा.

एका लढतीला चाळीस मिनिटं धरा. आठ जणांच्या बाद फेरीत सात लढती, म्हणजे पावणेपाच तास. दोन रविवारांत विभागा : पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी तीन. वेळ असेल तर चार-चारांचे दोन गट करून साखळी घ्या. बारा लढती गटांतल्या, वर दोन उपांत्य आणि एक अंतिम, एकूण पंधरा. साखळी जास्त न्याय्य, कारण बाद फेरीत सोडत कुणाशी पडली यावरच फार अवलंबून असतं. हिशेब करून पाहा. एखादा बॉक्सर प्रत्येक लढतीत शंभरात ६० वेळा जिंकेल इतका सरस असला, तरी सलग तीन जिंकण्याची शक्यता २२ टक्क्यांच्या आतच. सोळा जणांच्या स्पर्धेत चार जिंकाव्या लागतात, तिथे ती १३ टक्के. त्यामुळे १९६७ च्या त्या रेडिओ स्पर्धेत अली लवकर गेला, यात आश्चर्य काहीच नव्हतं.

माहीम : जॅक डेम्प्सी आणि जो लुई यांच्यात कोण?

ही जोड पूर्णपणे नियमावर ठरते. १९१९ मध्ये विलर्ड उठायला लागला की डेम्प्सी त्याच्या डोक्याशीच उभा असायचा, गुडघा जमिनीवरून सुटला की पुन्हा ठोसा. १९२७ मध्ये शिकागोला जीन टनीला पाडल्यावर तटस्थ कोपऱ्यात जायला डेम्प्सीने उशीर केला, मोजणी उशिरा सुरू झाली, टनीला सुमारे चौदा सेकंद मिळाले आणि लढत त्याने जिंकली. सवय मोडली नाही म्हणून १९२६ मध्ये टनीकडे गेलेलं विजेतेपद परत मिळवायची संधी गेली.

लुईचं वैशिष्ट्य आखूड ठोसा. कोपर अंगाजवळ, मूठ सहा-आठ इंचच चालते, पण एकामागून एक तीन-चार पडतात. खोट दोन. जॅब मारून डावा हात खाली यायचा. १९३६ मध्ये श्मेलिंगने तेच हेरून उजव्या हाताने त्याला बाराव्या फेरीत संपवलं. (१९३८ मध्ये लुईने १२४ सेकंदांत परतफेड केली.) दुसरी खोट, खाली वाकून लढणारा त्याला चटकन सापडायचा नाही : फेब्रुवारी १९४० मध्ये आर्तुरो गोदॉय वाकून वाकून पंधरा फेऱ्या टिकला. चार महिन्यांनी लुई अपरकट घेऊन आला आणि आठव्या फेरीत काम झालं. डेम्प्सीही वाकून झोके घेत यायचा, पण गोदॉयपेक्षा कितीतरी जलद, आणि ठोसाही जड. आजच्या नियमांत लुई, सहा फेऱ्यांच्या आत, एकदा स्वतः खाली पडून. १९१९ च्या नियमांत मात्र लुई त्या पडण्यातून उठला नसता.

नागपाडा : मुलगा बॉक्सिंग शिकतो. अंगाने भक्कम, पण उंचीने कमी. या जुन्यांपैकी कुणाच्या लढती दाखवू?

तीन जण, आणि प्रत्येकाची एकच गोष्ट. टायसनची १९८६ ते १९८८ ची डोक्याची हालचाल : ठोसा मारल्यानंतर डोकं मारण्याआधीच्या जागी कधीच नसतं. फ्रेझरची ८ मार्च १९७१ ची लढत, शरीरावरच्या ठोशांसाठी. उंच माणसाचं डोकं हलतं, बरगड्या कुठे जात नाहीत. आणि उसिकचे पाय : तो सरळ रेषेत आत जात नाही, आधी बाजूला पाऊल, मग आत.

उंचीने कमी असलेली मुलं साधारण तीन जागी चुकतात. ठोसे मारून समोरच्याच्या हाताच्या टोकाशी थांबतात. आत राहायचं तर छातीशी, नाहीतर पूर्ण बाहेर. आत शिरताना जमिनीकडे बघतात आणि अपरकट खातात. आणि गुडघ्यांऐवजी कंबरेतून वाकतात, त्यामुळे वाकल्या जागेवरून ठोसा निघत नाही. गुडघे मोडून खाली जायला हवं. फ्रेझरची एक गोष्ट मात्र घेऊ नका. तो तापायला तीन-चार फेऱ्या घ्यायचा. हौशी लढत तीन फेऱ्यांची. पहिली गेली तर भरून काढायला वेळ उरत नाही. हालचाल शिकवायचं काम प्रशिक्षकाचं, फीत दाखवून लगेच घरी डोक्यावर ठोसे खायचा सराव करू नका.

मुलुंड : लॅरी होम्सला कुणी विचारतच नाही. होम्स विरुद्ध व्लादिमिर क्लिच्को?

ही जोड फार चांगली आहे, आणि होम्सची उपेक्षा होते हे आम्हालाही खटकतं. दोघांची पोहोच ८१ इंचांची, दोघांचं मुख्य हत्यार जॅब. पण जॅब-जॅबमध्ये फरक आहे. क्लिच्कोचा जॅब खांबासारखा, अंतर राखायला. होम्सचा चाबकासारखा, दुहेरी-तिहेरी, मागे उजवा लपवून. क्लिच्कोला समोरचा स्थिर असला की लय सापडते. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्यूरी सतत हुलकावण्या देत राहिला तेव्हा त्याचा हातच सुटला नाही. होम्सची खोट म्हणजे वरून येणारा उजवा : १९७९ मध्ये शेव्हर्सने, १९८१ मध्ये स्नाइप्सने त्याला तसंच पाडलं. दोन्ही वेळा उठून त्याने अकराव्या फेरीत लढत थांबवायला लावली. क्लिच्को मात्र सँडर्स आणि ब्रूस्टर यांच्यासमोर अडखळल्यावर सावरला नाही. १५ फेऱ्यांत होम्स, गुणांवर, मधे एकदा खाली पडून. १२ फेऱ्यांत एका-दोन गुणांचाच फरक राहील, आणि तिथे क्लिच्कोला मिठ्या मारू देणारा पंच असेल तर तोच जिंकेल.

विलेपार्ले : जॅक जॉन्सनला टायसन फ्यूरीसमोर, पण जॉन्सनच्या नियमांनी उभं केलं तर?

जॉन्सनच्या काळातली ४५ फेऱ्यांपर्यंतची, भर उन्हातली लढत धरू. पुरावा आपल्याकडे आहे : एप्रिल १९१५, हवाना, ३७ वर्षांचा जॉन्सन आणि साडेसहा फुटांच्या वरचा जेस विलर्ड. पहिल्या वीसेक फेऱ्या जॉन्सन वरचढ, मग उन्हाने आणि वयाने पाय गेले, २६ व्या फेरीत नॉकआउट. म्हणून ३७ चा जॉन्सन नको, जुलै १९१० मध्ये रीनोला जेफ्रीजला पंधराव्या फेरीत नमवणारा ३२ चा घ्या. मिठीत समोरच्याचे दंड दाबून धरून मोकळ्या हाताने अपरकट काढणं ही त्याची खास विद्या. म्हणजे फ्यूरीचं रेलण्याचं हत्यार निम्मं बोथट. पहिल्या बारा फेऱ्या फ्यूरीच्या, लांब हातांमुळे. पण सव्वाशे किलो अंग उन्हात वीस फेऱ्या हलवणं त्याने कधी केलेलं नाही, जॉन्सनने केलं आहे. ४५ फेऱ्यांत जॉन्सन, पंचविसाव्या फेरीच्या आसपास. १२ फेऱ्यांत फ्यूरी.